दिल्लीतल्या परदेशी वकिलाती नेमकं काय काम करतात? (वळिवडे, व्हिसा आणि बाकी बरंच)

शाहूपुरीकर :

निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो म्हणून एक प्रश्न मला कायम येतो : "दूतावासात कुणी ओळखीचं आहे का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक खिडकी असते, खिडकीमागं एक साहेब आणि त्या साहेबाच्या मर्जीवर मिळणारा व्हिसा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं आता जर्मनीला, आखाती देशांत, ऑस्ट्रेलियाला जातात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतलं कास्टिंग (ओतीव काम) जगभर जातं. तरी या कार्यालयांबद्दल आपल्याकडं धड माहिती नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा धागा.

राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखानं दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडं पाठवलेला माणूस. दिल्लीत नवा राजदूत आला की तो राष्ट्रपती भवनात जाऊन आपल्या राष्ट्रप्रमुखाचं अधिकारपत्र राष्ट्रपतींना सादर करतो. राष्ट्रकुलातल्या देशांच्या राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, काम तेच. हे सगळं चालतं १९६१ च्या व्हिएन्ना करारावर. त्याच्या तिसऱ्या कलमात वकिलातीची कामं दिली आहेत : आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करणं, आपल्या देशाचं आणि नागरिकांचं हित जपणं, यजमान सरकारशी वाटाघाटी करणं, इथं काय चाललंय ते कायदेशीर मार्गानं जाणून घेऊन मायदेशी कळवणं, आणि व्यापार, संस्कृती, विज्ञान यांत संबंध वाढवणं. त्या यादीत व्हिसा हा शब्दच नाही! व्हिसा, पासपोर्ट, अटकेतल्या नागरिकाची भेट ही वाणिज्य दूतावासाची कामं, त्यांचा करार वेगळा, १९६३ चा. दिल्लीत चाणक्यपुरी या वकिलातींच्या भागात बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दिवस आपल्या अर्थसंकल्पाचा अर्थ लावण्यात, मंत्रालयांच्या भेटीगाठींत आणि मायदेशी अहवाल पाठवण्यात जातो.

आता कोल्हापूरकरांनी विसरू नये अशी गोष्ट. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडं नेलं होतं. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली आणि इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. पोलंडचं सरकार तेव्हा लंडनमधून चालायचं आणि त्या सरकारची वाणिज्य वकिलात मुंबईत होती. यूजेनियुश बनासिन्स्की तिथले कॉन्सुल जनरल, तर त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का पोलिश रेडक्रॉसचं काम बघायच्या. छावणीत शाळा उभ्या राहिल्या, चर्च झालं, स्काउटची पथकं निघाली. यात या दोघांचा मोठा वाटा होता. परक्या मुलखात अडकलेल्या पाच हजार माणसांना आपलं म्हणणं मांडायला एक दार होतं.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची काढून घेतली. लढाई संपल्याचा आनंद करायचा त्याच दिवसांत वळिवड्यातल्या लोकांची वकिलात नाहीशी झाली. छावणी तीच, माणसं तीच, हातातले कागदही तेच, पण त्या कागदांमागं उभं राहणारं सरकार जगाच्या लेखी उरलं नाही. त्यातल्या अनेकांची गावं पूर्व पोलंडात होती, ती आता सोव्हिएत हद्दीत गेलेली. पुढं कुणी पोलंडला परतलं, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

वकिलात कशासाठी असते हे मला कलमांपेक्षा या हकिकतीतून जास्त कळलं. तुमचे अनुभव, प्रश्न लिहा.

गांधीनगर पेठ :

शाहूपुरीकर दादा, पुढचा भाग मी लिहितो. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर आमच्या सिंधी कुटुंबांना जागा मिळाली. आजची गांधीनगरची कापडपेठ तिथूनच वाढली. आजी सांगायची, सुरुवातीला भिंतींवर परक्या लिपीतली अक्षरं दिसायची.

आमची गोष्ट मात्र वेगळी. आम्ही निर्वासित होतो, पण ज्या देशात आलो तो आमचाच होता. रेशनकार्डासाठी तहसीलदाराकडं जायचं, तो ऐकायचा. पोलिश बायकांना तसा कुठला तहसीलदार होता? हा फरक आम्ही घरात कधी बोललो नव्हतो. तुमची पोस्ट वाचून आज वडिलांशी बोललो.

पन्हाळ्याचा वारा :

सगळं खरं, पण एवढं कौतुक नको. वकिलाती म्हणजे गोड बोलून आत शिरायची वाट आहे. आपल्या कोल्हापूरनं हे भोगलंय. कंपनी सरकारचा साहेब आधी मित्र म्हणून आला आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर दरबारात त्याचाच शब्द चालायला लागला. गादी छत्रपतींची, हुकूम पोलिटिकल एजंटाचा. दिल्लीतले हे राजदूत आज पुढाऱ्यांना भेटतात, पत्रकारांना जेवायला बोलावतात, विद्यापीठात भाषणं देतात. ते कशासाठी?

कसबा बावडा :

मी इतिहास शिकवते, म्हणून वाऱ्यांच्या मुद्द्यावर लिहिते. तुमची शंका या मातीतली आहे आणि जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांबद्दल, स्वतंत्र मजकूर आहे. हे लोक साध्या सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागं राजे आहेत, व्यापाराच्या निमित्तानं ते मुलूख बळकावतात, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर पक्की ठाणी देऊ नयेत, असा त्याचा आशय. पुढं दीडशे वर्षांत काय झालं ते आपण जाणतो.

पण रेसिडेंट (तुम्ही म्हणता त्या पोलिटिकल एजंटासारखा, संस्थानात बसलेला कंपनीचा साहेब) आणि राजदूत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेसिडेंटला हाकलायची ताकद संस्थानिकाकडं नव्हती. आजचा राजदूत यजमान देशाच्या संमतीशिवाय नेमताच येत नाही. व्हिएन्ना कराराचं ४१ वं कलम सांगतं की मुत्सद्द्यांनी यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. आणि नवव्या कलमाप्रमाणं यजमान देश कुठल्याही मुत्सद्द्याला कारण न देता 'नको असलेली व्यक्ती' ठरवून परत पाठवू शकतो. १८५० साली कोल्हापूरच्या दरबाराकडं हे एक कलम असतं तर, असं मला वर्गात शिकवताना दर वेळी वाटतं.

पुढाऱ्यांना भेटणं, वर्तमानपत्रं वाचणं, गावोगाव हिंडणं हे त्यांचं कामच आहे. आपले राजदूतही तिकडं तेच करतात. लाच देणं, कागद चोरणं हे बेकायदा. मधली रेघ कुणी ओलांडतो का, ते बघायला आपलं सरकार आहे.

पन्हाळ्याचा वारा :

ताई, पटलं. तरी लक्ष ठेवलं पाहिजे, एवढं माझं म्हणणं कायम.

मंगळवार पेठेतली आई :

नमस्कार. मुलीला जर्मनीत एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. एका एजंटानं सांगितलं की दूतावासात आतून बोलून देतो, वेगळे पैसे पडतील. पहिल्यांदा अर्ज केला तो नाकारला गेला. आता तो म्हणतो, पैसे दिले असते तर झालं असतं. मुलगी रडून रडून थकली आहे. काय करावं?

शाहूपुरीकर :

काकू, पहिली गोष्ट म्हणजे त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. व्हिसा केंद्रातले लोक फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो. निर्णय वाणिज्य दूतावासातला अधिकारी घेतो. महाराष्ट्रातल्या अर्जांसाठी ते कार्यालय मुंबईत आहे.

आता नकाराचं पत्र घेऊन शांतपणे बसा. त्यात कारण दिलेलं असतं. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते देणारी संस्था दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचाच भाग आहे. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ठरलेल्या हप्त्यांतच पैसे काढता येतात अशा खात्यात) दाखवावे लागतात. बरेचदा अडचण यातच असते, नाहीतर 'हाच कोर्स का' याचं उत्तर कच्चं असतं. पूर्वी नकारावर दूतावासाकडंच फेरविचार मागता यायचा, ती सोय जर्मनीनं जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज करायचा, किंवा बर्लिनच्या कोर्टात जायचं. तुमच्यासाठी नवा अर्जच बरा. हेतुपत्र मुलीनं स्वतःच्या शब्दांत लिहावं, कुणाकडून विकत घेतलेलं नको.

मंगळवार पेठेतली आई :

खूप आभार. पत्रात खर्चाच्या पुराव्याबद्दलच लिहिलं आहे. एजंटानं हे सांगितलंच नव्हतं.

मस्कतहून गडहिंग्लजकर :

भावांनो, तुम्ही सगळे दिल्लीतल्या परदेशी वकिलातीवर बोलताय. आम्ही दुसऱ्या टोकाला आहोत, आमच्यासाठी वकिलात म्हणजे परदेशातली आपली भारताची. तिचं काम मी जवळून बघितलंय, म्हणून लिहितो.

आमच्या साइटवरचा एक पोरगा वारला. आजऱ्याकडचा, घरी बायको आणि लहान लेकरू. इथं माणूस गेला की लगेच घरी नेता येत नाही. आधी हॉस्पिटलचा आणि पोलिसांचा कागद, मग इथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला. गावाकडून वारसांचं संमतीपत्र मागवायचं, त्यात मृतदेह कुणाच्या ताब्यात द्यायचा ते नावानिशी लिहायचं. ते सगळं घेऊन आपल्या दूतावासात मृत्यूची नोंद करायची. तिथल्या बाईंनी कागद एक एक करून तपासले, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारला, ना हरकत पत्र दिलं. मग मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया झाल्याचा दाखला, मग विमानाचं कार्गो. संमतीपत्रात बापाच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नव्हतं, तिथं सगळं अडलं असतं. पण बाईंनी स्वतः गावाकडं फोन लावला, मराठीत बोलल्या, आणि दुरुस्त कागद त्याच दिवशी मागवून घेतला. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांना मी विसरणार नाही.

मालक खर्च करत नसेल आणि घरची ऐपत नसेल तर दूतावासाकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. मृतदेह पाठवणं, अडकलेल्याचं तिकीट, वकिलाची फी, तात्पुरता आसरा यासाठी तो वापरतात. हे आपल्या लोकांना ठाऊकच नसतं, गावात वर्गणी काढत बसतात.

आणि येण्याआधी बघा. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी गरजेची, असा शेरा) असेल तर १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते. नोंदणी असलेला एजंट ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं कामाचा करून देतो असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. तसा आलेला माणूस दूतावासाच्या कुठल्याच यादीत नसतो, त्याला शोधायचं कुठं? म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून मार्च २०२५ मध्ये ५४९ भारतीयांना सोडवून हवाई दलाच्या विमानांनी आणलं, त्यांनाही नोकरीचंच आमिष दाखवलं होतं.

राजारामपुरी नववी गल्ली :

दूतावास जेलमधून सोडवतो का? आमच्या ओळखीत एक केस आहे, जास्त लिहीत नाही.

मस्कतहून गडहिंग्लजकर :

नाही सोडवू शकत. त्या देशाचा कायदा, तिथलं कोर्ट. दूतावासाचा माणूस जेलमध्ये भेटतो, वकिलांची यादी देतो, दुभाष्या आहे का बघतो, घरी कळवतो. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकावी, ती थेट त्या दूतावासाकडं जाते आणि तिचं काय झालं ते दिसतं.

कसबा बावडा :

ती भेट हा उपकार नाही, हक्क आहे. १९६३ च्या कराराचं ३६ वं कलम. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात भारत याच कलमावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्ताननं या कलमाचा भंग केल्याचं न्यायालयानं म्हटलं. आपल्या मातीतला माणूस म्हणून आपण तो निकाल टीव्हीवर बघितला. त्यातली एक मूळ मागणी 'आमच्या माणसाला आमच्या वकिलातीचा माणूस भेटू दे' इतकी साधी होती.

खारकीव्ह ते कागल :

धागा वाचून राहवलं नाही. मी २०२२ मध्ये युक्रेनला एमबीबीएसला होतो. आमच्या दूतावासावर तेव्हा लई टीका झाली, मीही केली. १५ फेब्रुवारीला त्यांनी तात्पुरतं निघून जा असं सांगितलं होतं, पण कॉलेज ऑनलाइन शिकवायला तयार नव्हतं, तिकिटं महाग, म्हणून बरेच जण थांबलो. २४ तारखेला युद्ध सुरू झालं आणि विमानांसाठी आकाश बंद झालं. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरीचा आपला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये हल्ल्यात मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा संदेश आला, संध्याकाळी सहाच्या आत खारकीव्ह सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत जा, आणि पिसोचिन, बाबाई, बेझल्युदिव्का ही तीन गावांची नावं दिली. आम्ही पिसोचिनपर्यंत चालत गेलो. बर्फ होता, पाठीवर एकच बॅग. त्या वेळी राग आला होता की हे लोक नुसते मेसेज टाकतात. पण तो मेसेज नसता तर कुठल्या दिशेनं जायचं हेच कळलं नसतं.

पुढं पोलंडच्या हद्दीवर गेलो. तिथं व्हिसा विचारला नाही. दिल्लीतल्या पोलंडच्या राजदूतांनी आधीच जाहीर केलं होतं की भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घेऊ. वॉर्सातल्या आपल्या दूतावासाची माणसं पलीकडं बस घेऊन उभी होती. मार्चच्या मध्याला कीव्हचा आपला दूतावासच तात्पुरता पोलंडला हलवला, मे महिन्यात परत गेला.

तेव्हा मला वळिवडे माहीतच नव्हतं! कागलचा असून माहीत नव्हतं. परत आल्यावर एका सरांनी महावीर गार्डनमधला पोलिश स्मृतिस्तंभ दाखवला.

गांधीनगर पेठ :

खारकीव्ह भाऊ, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०१७ मध्ये उभारलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री, राजदूत आणि छावणीत बालपण गेलेले वृद्ध पोलिश पाहुणे वळिवड्याला आले, तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. वकिलातीनं हा धागा इतकी वर्षं तुटू दिला नाही, हे मानलं पाहिजे.

शिरोली फौंड्री :

व्यापाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. परदेशातल्या आपल्या दूतावासात वाणिज्य विभाग असतो. नवा ग्राहक खरा आहे का, कंपनी नोंदलेली आहे का, हे त्यांना ईमेल करून विचारता येतं. पैसे अडकले तर ते वसूल करून देत नाहीत, पण समोरच्याला पत्र गेलं की बोलणं सुरू होतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या गिफा या फौंड्री उद्योगाच्या प्रदर्शनाला जायचं असेल तर आयोजकांचं पत्र, विम्याचा कागद आणि हॉटेल हे आधी तयार ठेवा, व्हिसाच्या तारखा प्रदर्शनाच्या वर्षी लवकर भरतात. चपलांचंही बघा. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या, इथून आवाज उठला, आणि डिसेंबरमध्ये मुंबईत इटली-भारत उद्योग मंचाच्या वेळी प्रादानं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन देशांचं बोलणं चालू असलं की असे करार व्हायला जागा मिळते.

राजारामपुरी नववी गल्ली :

दूतावासाची जमीन त्या देशाची होते, हे खरं का?

कसबा बावडा :

नाही. दिल्लीत शांतिपथावर दूतावास आहेत, पण तिथली जमीन भारताचीच. फक्त राजदूताच्या परवानगीशिवाय आपले पोलीस आत जाऊ शकत नाहीत, हे २२ वं कलम. आणि माणसांना मिळणारं संरक्षणही सारखं नसतं. २०१३ मध्ये देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली तेव्हा त्या वाणिज्य दूतावासात होत्या, तिथं संरक्षण फक्त कामापुरतं मिळतं. नंतर त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या कार्यालयात केली आणि मग पूर्ण संरक्षण मिळालं.

पुण्यात शिकणारा :

एक भर घालतो. वळिवड्यासारखं आताही घडतं. दिल्लीतला अफगाण दूतावास तालिबानच्या आधीच्या सरकारनं नेमलेले लोक चालवत होते, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. माझ्या वर्गात काबूलचा मित्र होता, पासपोर्टची मुदत संपत आलेली. कुणाकडं जायचं हाच प्रश्न. शेवटी मुंबईचं त्यांचं कार्यालय चालू होतं म्हणून निभावलं. त्या काळात त्याची झोप उडाली होती, ते मी रोज बघत होतो.

शाहूपुरीकर :

हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

उचगाव फाटा :

दादा, मला दुबईला नोकरी लागलीय. डिग्रीवर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणपत्र) करून घेतलं, आता कंपनी म्हणते चालणार नाही. का?

शाहूपुरीकर :

कारण अपोस्टिल चालतं ते हेग करारातल्या देशांत, आणि यूएई (दुबई ज्यात येते तो देश) त्या करारात नाही. भारत २००५ पासून आहे, ओमान आहे, सौदीही डिसेंबर २०२२ पासून आहे, पण दुबईसाठी जुनी साखळी लागते : आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि तिथं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मूळ डिग्री पाठवण्याआधी रंगीत स्कॅन काढून ठेव, आणि डिग्रीवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का बघ. नसेल तर आधी विद्यापीठातून दुरुस्ती. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असशील तर निघण्याआधी मला कागदांची यादी पाठव, बघून सांगतो.